तक्रारदार घरात, पहारा समुद्रावर

दारूबंदीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन्ही बाजू अमेरिकेला साक्षीला बोलावतात. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ला बंदी लागू झाली तेव्हा हेच झालं आणि मे २०२१मध्ये ती उठवायचं ठरलं तेव्हाही हेच झालं. विरोधक म्हणतात, अमेरिकेनं तेरा वर्षं करून पाहिलं, लोक प्यायचे ते प्यायलेच, वर शिकागोचा गुंड अल कपोन गब्बर झाला. समर्थक म्हणतात, बंदी फसली नाही, अंमलबजावणी फसली; गस्त कडक असती आणि पोलीस प्रामाणिक असते तर निकाल वेगळा लागला असता. हे दावे तपासायचे असतील तर शिकागोच्या गुंडांच्या गोष्टी बाजूला ठेवून समुद्रावर जायला हवं. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यासमोर, सरकारी हद्दीच्या जरा पलीकडे, दारूनं भरलेली जहाजं नांगर टाकून रांगेनं उभी असत. तिथले लोक त्या रांगेला ‘रम रो’ म्हणत. बंदीचा सगळा हिशेब तिथं उघड्यावर मांडलेला होता: माल कुठला, किती कडक, कुणाचा, तो कसा पकडला गेला आणि पकडल्यावर पुढं काय झालं.

तो हिशेब नीट पाहिला तर तिसराच निष्कर्ष निघतो. बंदीनं पिणं कमी झालं होतं. गस्तही यशस्वी झाली होती. आणि तरीही बंदी हरली, कारण गस्तीच्या प्रत्येक यशाबरोबर धंदा लहान माणसाकडून मोठ्याकडे गेला, हलकी दारू जाऊन जहाल दारू राहिली, आणि ज्या बाईच्या संसारासाठी हा कायदा मागितला गेला तिच्या हातात काहीच आलं नाही. म्हणून ‘बंदी हवी की नको’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. दारू किती अंतरावर, किती कडक, किती किमतीला मिळते आणि दुकान बंद करायचा अधिकार कुणाच्या हातात आहे, या प्रश्नांची उत्तरं द्यायला हवीत.

आधी कायदा काय होता ते पाहू, कारण चर्चेत तोच चुकीचा सांगितला जातो. १७ जानेवारी १९२०पासून अमेरिकेत अर्धा टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय बनवणं, विकणं आणि वाहून नेणं गुन्हा झाला. पिणं गुन्हा नव्हता. मागणी जिथल्या तिथं ठेवून फक्त पुरवठा कापायचा, अशी ती रचना होती. हा कायदा किनाऱ्यापासून तीन मैलांवर संपत होता. त्यापलीकडे ब्रिटिश किंवा फ्रेंच झेंड्याखालच्या जहाजावर दारू असणं पूर्ण कायदेशीर होतं. बहामाचं नासाऊ, न्यूफाउंडलंडजवळची सें पिएर आणि मिकलों ही चिमुकली फ्रेंच बेटं, क्यूबाचं हवाना, डेट्रॉइटसमोरचं कॅनडातलं विंडसर, या सगळ्या गावांत दारू राजरोस मिळत होती. डेट्रॉइट नदी काही ठिकाणी एक किलोमीटरही रुंद नाही. हिवाळ्यात ती गोठली की मोटारी बर्फावरून पलीकडे जात. तस्करीला एवढ्याच दोन गोष्टी लागतात: जवळ एक कायदेशीर दुकान, आणि मध्ये ओलांडता येईल असा पट्टा. बाकी सगळं तपशिलाचं काम आहे.

तो तपशील मात्र बारकाईनं पाहण्यासारखा आहे, कारण युक्तिवादाचं मूळ त्यातच आहे. बिल मॅकॉय हा फ्लोरिडाचा बोटी बांधणारा माणूस १९२१च्या सुमारास शिडाचं जहाज घेऊन नासाऊहून उत्तरेकडे माल नेऊ लागला. लाकडी खोक्यातल्या बाटल्या जहाजात फार जागा खातात, खोकी फुटतात आणि हलत्या जहाजावरून लहान होडीत उतरवताना हाताला सापडत नाहीत, हे त्याच्या लवकर लक्षात आलं. त्यानं खोकी काढून टाकली. प्रत्येक बाटलीभोवती पेंढा गुंडाळायचा, खाली तीन, त्यावर दोन, वर एक अशा सहा बाटल्या रचायच्या आणि त्यावर गोणपाट घट्ट ओढून शिवायचं. ही त्रिकोणी गोणी एका हातानं उचलता येई, एकमेकींत चपखल बसे, वरून खाली टाकली तरी सहसा फुटत नसे. सें पिएरमध्ये तर खोकी फोडून बाटल्या गोण्यांत भरणं हा बेटावरच्या लोकांचा, विशेषतः बायकांचा, रोजगार झाला. उरलेल्या फळ्यांतून माणसांनी घरं उभारली. मासळीवर जगणारं बेट दारूच्या वखारीवर जगू लागलं.

रात्री किनाऱ्यावरून होड्या येत. पैसे रोख मोजले जात, गोण्या मोजून खाली टाकल्या जात. ओळख पटवायला फाडलेल्या नोटेचा एक तुकडा जहाजावर आणि दुसरा होडीवाल्याकडे, अशीही रीत होती. होडी तीस-चाळीस फुटांची, पाण्याबरोबर बसणारी, करडा रंग दिलेली, धुराडं पाण्याखाली सोडलेली. इंजिन बहुधा ‘लिबर्टी’: पहिल्या महायुद्धात विमानांसाठी बनवलेलं, बारा सिलिंडरचं, सुमारे चारशे अश्वशक्तीचं, युद्ध संपल्यावर मोडीच्या भावात निघालेलं. एका होडीत असली दोन बसवली की वेग ३० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटरच्या, वर जाई. गस्ती बोट मागं लागली तर तापलेल्या धुराड्याच्या नळीवर इंजिनचं तेल सोडून दाट धुराचा पडदा करत.

यात काय बिघडतं? हवेत चालण्यासाठी बनवलेल्या इंजिनाला समुद्राचं पाणी थंड करायला दिलं की मीठ आतल्या वाटा खातं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; ती होडीच्या तळात साचते आणि एका ठिणगीनं सगळं उडतं. माल जास्त भरला की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेत घुसते, वेग जातो, आणि वेग हेच तर होडीचं एकमेव संरक्षण. भिजलेला पेंढा जड होतो, लेबलं सुटतात, आणि लेबल नसलेल्या बाटलीला भाव नाही. शिवाय वाटेत लुटारू असत. ज्याचा माल लुटला जाई तो कुणाकडे फिर्याद करणार? म्हणून मॅकॉयनं जहाजाच्या डेकवर मशीनगन बसवली होती. हा सगळा धोका आणि खर्च बाटलीच्या किमतीत जातो. बंदी ही व्यवहारात एका अवाढव्य करासारखी वागते. फरक एवढाच की तो कर सरकारी तिजोरीत न जाता धोका पत्करणाऱ्याच्या खिशात जातो.

आणि इथंच तो मुद्दा येतो, जो आपल्या चर्चेत जवळजवळ कधीच निघत नाही. ज्या होडीत जागा मोजकी आणि धोका ठरलेला, तिच्यात काय भरायचं? मॅकॉयच्या एका गोणीत साडेचार लिटरच्या आसपास व्हिस्की, म्हणजे सुमारे दोन लिटर शुद्ध अल्कोहोल. तेवढंच अल्कोहोल बिअरमधून न्यायचं तर ४५ लिटर बिअर लागेल. पकडलं गेल्यावर शिक्षा दोन्हींना सारखीच. मग कोण बिअर नेईल? अमेरिकेत बंदीपूर्वी मजूर माणूस प्रामुख्यानं बिअर पीत होता. बंदीनंतर त्याच्यापुढं जी बाटली आली ती कडक दारूची होती, तीही किनाऱ्यावर पाणी, औद्योगिक स्पिरिट आणि रंग घालून एकाची दोन-तीन केलेली.

फिनलंडमध्ये हे याहून स्पष्ट दिसतं. तिथं १ जून १९१९ ते ५ एप्रिल १९३२ बंदी होती. त्याआधी फिनलंड हा युरोपात सर्वात कमी पिणाऱ्या देशांपैकी एक होता. बंदी आली आणि बाल्टिक समुद्रातून, मुख्यतः एस्टोनियाच्या किनाऱ्यावरून, जवळजवळ शुद्ध, ९६ टक्क्यांचं स्पिरिट दहा-दहा लिटरच्या पत्र्याच्या डब्यांतून येऊ लागलं. एक डबा म्हणजे दोनशे लिटरहून जास्त बिअर. डब्यांची माळ करून ती पाण्याखालून ओढत आणायची; गस्त दिसली की दोर सोडून द्यायचा. माळेला मिठाची पिशवी आणि एक तरंगता बोया बांधलेला असे. मिठाच्या वजनानं सगळं तळाशी जाई, काही वेळानं मीठ विरघळे आणि बोया आपोआप वर येई, तोवर गस्त निघून गेलेली. हे स्पिरिट लोक चहा-कॉफीत घालून पीत. १९३१च्या अखेरीस सार्वमत झालं तेव्हा सत्तर टक्के मतं बंदी उठवण्याच्या बाजूनं पडली. कमी पिणाऱ्या देशाला स्पिरिट प्यायला शिकवण्याचं काम कुठल्या जाहिरातीनं केलं नाही. डब्याच्या आणि होडीच्या मापानं केलं.

आपल्याकडे तरी वेगळं काय घडलं? १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५०मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण बंदी झाली. ताडी-माडी त्यात गेली. ताडी हे हलकं पेय. उतरवल्यापासून तासातासाला आंबत जातं, दुसऱ्या दिवशी पिण्यालायक राहत नाही, आणि मडकी लपवता येत नाहीत. चोरट्या धंद्याला ती कशी परवडणार? तिच्या जागी हातभट्टी आली: काळा गूळ आणि नवसागर घालून सडवलेलं रसायन, खाडीकाठच्या तिवरांत लावलेली भट्टी, आणि मोटारीच्या रबरी ट्यूबमध्ये भरून पाण्यावाटे गुत्त्यापर्यंत पोचलेली दारू. ज्याला विलायती हवी आणि परवडत होती त्याच्यासाठी डिसेंबर १९६१पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेले गोवा आणि दमण, एक खाली आणि एक वर, असे दोन कायदेशीर गुत्ते किनाऱ्यालाच लागून होते. त्यातही ज्याची डॉक्टरपर्यंत पोच, त्याला प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळे. ताडी पिणारा गरीब मात्र नवसागरावर आला.

आता समर्थकांच्या सर्वात बळकट मुद्द्यांकडे. पहिला: पिणं कमी झालं. हे मान्य करायलाच हवं, आणि ‘लोक प्यायचे ते प्यायलेच’ हे विरोधकांचं वाक्य सरळ खोटं आहे. अर्थतज्ज्ञांच्या अंदाजानुसार बंदीच्या सुरुवातीला अमेरिकेतला अल्कोहोलचा खप आधीच्या सुमारे तीस टक्क्यांवर आला. यकृताच्या सिरोसिसनं होणारे पुरुषांचे मृत्यू १९११मध्ये लाखामागे २९.५ होते, ते १९२९मध्ये १०.७ झाले. त्यातली बरीचशी घट १९२०च्या आधीच सुरू झाली होती, कारण अनेक राज्यांनी आपापली बंदी आधीच लावली होती आणि युद्धकाळातले निर्बंधही होते. पण घट होती. जी माणसं जगली त्यांच्या घरच्यांना ‘बंदी फसली’ हे सांगणं उद्धटपणाचं आहे. गडचिरोलीत १९९३पासून टिकलेली बंदी, चंद्रपुरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं काढलेले मोर्चे, यांच्यामागे मार खाल्लेले, उपाशी झोपलेले संसार आहेत. त्यांची मागणी खुळचट ठरवणाऱ्यांशी माझं काहीही जुळत नाही.

पण तोच आकडा पुढं वाचायला हवा. खप तीस टक्क्यांवर राहिला नाही. काही वर्षांत तो बंदीपूर्वीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर परत आला. म्हणजे मोठा फायदा सुरुवातीच्या काळाचा होता, जेव्हा पुरवठ्याची नवी साखळी अजून बसायची होती. साखळी बसत गेली तसा फायदा ओसरला, आणि तोटा मात्र वाढत गेला: विषारी दारू, लाच, गोळीबार. १९३०मध्ये ‘जमैका जिंजर’ नावाच्या, औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या अर्कात भेसळ झाली आणि हजारो गरीब माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. औद्योगिक अल्कोहोल कुणी पिऊ नये म्हणून सरकारच्या नियमानं त्यात मिथेनॉल घातलं जाई. ते ठाऊक असूनही ते प्यायलं गेलं आणि माणसं मेली. कुठल्या बंदीची पहिली दोन वर्षं पाहून निकाल दिला जात असेल तर तो निकाल अर्धा आहे.

दुसरा मुद्दा: अंमलबजावणी कमी पडली. सुरुवातीला पडली, यात शंका नाही. पण नंतर काय झालं ते सांगणारे फार थोडे. जानेवारी १९२४मध्ये अमेरिकेनं ब्रिटनशी करार केला आणि तपासणीची हद्द तीन मैलांवरून किनाऱ्यापासून तासाभराच्या प्रवासाइतकी, म्हणजे साधारण बारा मैलांपर्यंत नेली. त्याच वर्षी काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, तटरक्षक दलाला सव्वा कोटीहून जास्त डॉलर दिले. नौदलाच्या वीस विनाशिका त्यांच्याकडे आल्या, पुढं आणखी आल्या. पंचाहत्तर फुटांच्या २०३ गस्ती बोटी नव्यानं बांधल्या गेल्या. या बोटी पंधरा-सोळा नॉटच्या, तीस नॉटच्या होडीचा पाठलाग करणं त्यांना शक्यच नव्हतं. म्हणून दलानं डोकं लढवलं: होडीच्या मागं धावायचं नाही, मोठ्या जहाजाला चिकटून उभं राहायचं. जहाजाशेजारी सरकारी बोट दिवसरात्र उभी असेल तर कुठली होडी माल घ्यायला येईल? जहाजावरचं पाणी आणि शिधा संपेपर्यंत थांबायचं. १९२५च्या मे महिन्यात ही मोहीम जोरात सुरू झाली आणि काही आठवड्यांत न्यूयॉर्कसमोरची रांग मोडली. मॅकॉय तर त्याआधीच, नोव्हेंबर १९२३मध्ये, ‘सेनेका’ या सरकारी जहाजाच्या तोफेपुढं शरण आला होता.

म्हणजे अंमलबजावणी जिंकली. पुढचा प्रश्न विचारायचा धीर समर्थकांनी दाखवायला हवा: जिंकल्यावर दारू थांबली का? रांगेतून हटले ते एकेक जहाज घेऊन आलेले मॅकॉयसारखे लोक, दोन-चार गोण्या नेणारे मच्छीमार. उरले ते, ज्यांना किनाऱ्यापासून पन्नास-शंभर मैल दूर खोल समुद्रात जहाज उभं करणं परवडत होतं, ज्यांच्याकडे बिनतारी यंत्रं, सांकेतिक लिपी, किनाऱ्यावरचे छुपे प्रक्षेपक, वकील आणि विकत घेतलेले अधिकारी होते. व्हँकुव्हरच्या ‘कन्सॉलिडेटेड एक्स्पोर्टर्स’सारख्या कंपन्या अनेक जहाजांचा ताफा चालवत होत्या. त्यांचे संदेश फोडायला सरकारला एलिझबेथ फ्रीडमन या सांकेतिक लिपीच्या तज्ज्ञ बाईंची मदत घ्यावी लागली; त्यांच्या छोट्या तुकडीनं तीन वर्षांत सुमारे बारा हजार संदेश उकलले आणि १९३३मध्ये न्यू ऑर्लिअन्सच्या न्यायालयात त्यांनी साक्ष दिली. हे काम थोर होतं. पण १९२१मध्ये ज्या धंद्याला एक शिडाचं जहाज पुरत होतं, त्याच्याविरुद्ध आठ-दहा वर्षांनी गणिती लागत होते, ही प्रगती कुणाची म्हणायची? दरम्यान समुद्रावाटे येणारा माल महाग झाला तशी देशातल्या देशात गाळलेली आणि औद्योगिक अल्कोहोलमधून काढलेली दारू वाढत गेली. बाहेरची बाटली निदान प्यायच्या लायकीची होती.

आणि कडक गस्तीची किंमत फक्त पैशांत नव्हती. मार्च १९२९मध्ये ‘आयम अलोन’ हे कॅनडात नोंदवलेलं शिडाचं जहाज लुइझियानाच्या किनाऱ्याजवळून सरकारी बोटींनी दोन दिवस पिटाळत नेलं आणि किनाऱ्यापासून दोनशे मैलांहून दूर, भर समुद्रात, ‘डेक्स्टर’ या सरकारी बोटीनं तोफा डागून बुडवलं. एक खलाशी मेला. कॅनडाशी वाद सहा वर्षं चालला. शेवटी १९३५मध्ये लवादानं निर्णय दिला: अमेरिकेनं माफी मागावी आणि कॅनडाला २५ हजार डॉलर द्यावेत, खलाशांना वेगळी भरपाई. जहाजाचे खरे मालक अमेरिकी तस्करच होते, हे फ्रीडमनबाईंनी उकललेल्या संदेशांवरून सिद्ध झालं, म्हणून जहाजाचे पैसे मात्र मिळाले नाहीत. त्याच १९२९च्या डिसेंबरात ऱ्होड आयलंडजवळ धुक्यात ‘ब्लॅक डक’ या होडीवर गस्ती बोटीनं मशीनगन चालवली. तीन माणसं मेली आणि लोकमत तटरक्षक दलाच्याच विरोधात गेलं. सिएटलच्या रॉय ओल्मस्टेड या माजी पोलिसाचा दारूचा धंदा पकडायला सरकारनं वॉरंटशिवाय फोन चोरून ऐकले आणि १९२८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ते वैध ठरवलं. तो निर्णय बदलायला १९६७ उजाडलं. दारू गेली, आली. चोरून ऐकण्याची मुभा जवळजवळ चाळीस वर्षं राहिली. ‘आणखी कडक करा’ म्हणताना ही बाजूही हिशेबात धरायला नको का?

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: चोऱ्या होतात म्हणून चोरीचा कायदा रद्द करायचा का? प्रश्न रास्त आहे आणि टाळण्यासारखा नाही. चोरीचा कायदा चालतो, कारण ज्याचं चोरीला गेलं तो स्वतः पोलिसांकडे धावतो, वेळ सांगतो, खूण सांगतो, साक्ष देतो. होडीतल्या व्यवहारात विकणारा खूश आणि घेणारा खूश. तक्रार करणारं तिथं कुणी नसतं, म्हणून सरकारला हेर, विनाशिका आणि चोरून ऐकणं लागतं. पण दारूच्या प्रकरणात तक्रारदार नाही असं कसं म्हणायचं? आहे. ती घरात आहे. पगाराच्या दिवशी दारात वाट पाहणारी, रात्री मार खाणारी, मुलाच्या वहीचे पैसे लपवून ठेवणारी बाई हीच या गुन्ह्याची खरी फिर्यादी आहे. बंदीनं काय केलं, तर सगळा पैसा, सगळी माणसं, सगळं लक्ष तिच्यापासून दूर नेऊन हद्दीवर उभं केलं. चंद्रपूरला एका बाजूला तेलंगणा, दुसऱ्या बाजूला वर्धा नदीपलीकडे यवतमाळ. दोन्हीकडे दुकानं उघडी. अशा जिल्ह्यात पोलिसांच्या कामाची मोजदाद पकडलेल्या पेट्यांत होऊ लागते. कुठल्या गावात किती बायकांच्या मारहाणीच्या तक्रारी त्याच रात्री नोंदल्या गेल्या, याचा फलक कुठल्या ठाण्यात लागतो?

तस्करी संपते ती कशानं, याचे दाखले इतिहासात आहेत. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये चहावर इतका कर होता की किनाऱ्यावरची गावंच्या गावं चोरट्या चहावर जगत. १७८४मध्ये पंतप्रधान धाकट्या पिटनं तो ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि धंदा बसला. चोरट्या चहात फायदाच उरला नाही. आपल्याकडचं सोनं आठवा. सुवर्ण नियंत्रण कायदा असेपर्यंत दुबईच्या गलबतांतून सोन्याची बिस्किटं कोकणच्या खाड्यांत उतरत होती. १९९०मध्ये कायदा गेला, पुढच्या काही वर्षांत आयात खुली झाली आणि गलबतांचं ते काम गेलं.

मग दारूही स्वस्त करून टाकायची का? नाही, आणि इथं बाजारवाल्यांशी माझा मतभेद आहे. चहा आणि सोन्यानं यकृत जात नाही. दारू महाग असली पाहिजे, कारण महाग झाली की पिणं कमी होतं, आणि अमेरिकेत जी घट टिकली तिच्यामागेही किमतीचाच हात मोठा होता. पण किमतीलाही एक मर्यादा आहे, ती तस्कर ठरवतो. गोव्यात उत्पादन शुल्क कमी म्हणून आजही सिंधुदुर्गातल्या नाक्यांवर गोव्याची दारू पकडली जाते. तिथं बंदी नाही, नुसता भावातला फरक आहे. आणि कर लावताना बाटलीवर न लावता आतल्या अल्कोहोलवर लावला पाहिजे, म्हणजे हलकं पेय स्वस्त आणि जहाल पेय महाग राहील. होडीनं जे उलटं केलं ते सुलटं होईल. २०१५च्या जून महिन्यात मुंबईतल्या मालाडच्या मालवणी वस्तीत विषारी दारूनं शंभरहून जास्त माणसं मेली. मुंबईत तेव्हा बंदी नव्हती. बंदीविरोधकांनी हे विसरू नये: गरिबाला परवडणारी कायदेशीर दारू हाताबाहेर गेली की बंदी नसतानाही मिथेनॉलचा फुगा त्याच्या हाती येतो.

सरकारच्या महसुलाचा मुद्दा मी बंदीविरोधात वापरणार नाही. ‘दारू बंद केली तर तिजोरी कशी भरणार’ हा या सगळ्या वादातला सर्वात हीन युक्तिवाद आहे. सें पिएरचं आणि नासाऊचं सरकारही असंच बोलत होतं. बंदर सुधारलं, वीज आली, आणि १९३३च्या डिसेंबरात अमेरिकेची बंदी उठल्यावर दोन्ही बेटं हात चोळत बसली. दारूच्या पैशावर उभा राहिलेला अर्थसंकल्प दुसऱ्याच्या कायद्यावर उभा असतो.

राहता राहिलं ते गावातल्या बाईच्या हातातलं हत्यार. ते आपल्याकडे आहे आणि अमेरिकेच्या किंवा फिनलंडच्या बंदीपेक्षा कितीतरी सरस आहे: ‘उभी बाटली, आडवी बाटली’. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते, मतदान होतं, आणि आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली की दुकानाचा परवाना जातो. इथं निर्णय घेणारी तीच, जिला त्रास होतो; दुकान बंद राहिलं की नाही हे बघणारीही तीच. हद्दीवर विनाशिका लागत नाही. पण या नियमात एक अट अशी आहे जी सगळ्यावर पाणी फिरवते: झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. जी बाई त्या दिवशी ऊसतोडीला परजिल्ह्यात आहे, जी बाळंतपणाला माहेरी गेली आहे, जिचं नाव लग्नानंतरही इथल्या यादीत राहिलं आहे, जी मयत असून यादीतून काढलेली नाही, त्या सगळ्यांचं मत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडतं. आमदार-खासदार निवडताना आपण असं कधी मोजतो का? आडव्या बाटलीला झालेल्या मतांत बहुमत मिळालं की दुकान बंद, आणि मतदानाची तारीख गावातली माणसं गावात असतानाची, एवढे दोन बदल एका अधिसूचनेनं होऊ शकतात.